‘अलाइनमेंट ओके आहे, मॅडम’

गाडीचा पुढचा डावा कोपरा ठोकला गेला. कोणाला लागलं नाही, विम्याची मंजुरी आली, पार्ट्स आले, डेंटिंग-पेंटिंग झालं. हे सगळं ठरलेल्या वेळेत पार पडलं, त्यामुळे त्याबद्दल लिहीत नाही. लिहायचंय ते गाडी ‘तयार’ झाल्यानंतरच्या एकोणीस दिवसांबद्दल, कारण आजही तो विषय निघाला की माझं डोकं तापतं.

फोन आला, “गाडी रेडी आहे, सातपर्यंत या.” गेले तर गाडी नुकतीच धुतलेली, अंगावर पाण्याचे थेंब, वर ट्यूबलाइट. गॅरेजच्या ॲडव्हायझरने बोनेटवरच कागद पसरला: काम समाधानकारक झाले, खाली सही. मी सही केली नाही. ओल्या पत्र्यावर काहीही कळत नाही. रंगातला फरक, रंगात अडकलेले धुळीचे कण, पॉलिशचे गोल ओरखडे हे सगळं पाणी झाकून टाकतं, आणि मेटॅलिक रंग तर दिव्याखाली जुळला तरी उन्हात वेगळा पडू शकतो. “उद्या सकाळी उजेडात बघते,” म्हटलं. त्यांना आवडलं नाही. गाडी रात्रभर तिथेच राहिली.

सकाळी रंग खरोखरच चांगला निघाला, ते श्रेय त्यांच्या पेंटरला. शेजारच्या दारावर रंग हलका विरवत नेला होता, त्यामुळे जोड दिसत नव्हता. फटींमध्ये मात्र गडबड सापडली. माझ्याकडे मोजायला काही नव्हतं, म्हणून पाकिटातली प्लॅस्टिकची कार्डं एकावर एक धरली. एक कार्ड पाऊण मिलिमीटरचं असतं. उजवीकडे बोनेट आणि फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) फटीत पाच कार्डं काचेपासून हेडलाइटपर्यंत एकसारखी सरकली. डावीकडे मध्यापर्यंत तशीच, पण हेडलाइटजवळ सैल झाली आणि सहावं कार्डही बसलं. दाखवल्यावर त्यांनी बिजागरी आणि फेंडरचे बोल्ट सैल करून अर्ध्या तासात जुळवून दिलं. इथपर्यंत माझी काही तक्रार नव्हती.

मग गाडी चालवली, आणि ती डावीकडे ओढायला लागली.

पाणी वाहून जावं म्हणून रस्ता कडेला उतरता असतो, त्यामुळे कोणतीही गाडी थोडी कडेला जातेच. म्हणून सपाट, मोकळ्या जागेत चालवून बघावं. तिथेही माझी गाडी डावीकडेच जात होती, आणि सरळ जाताना स्टीअरिंग किंचित उजवीकडे धरावं लागत होतं. म्हणजे अलाइनमेंट, चाकांचे कोन जुळवणं, नीट झालं नव्हतं. परत येऊन सांगितलं. उत्तर आलं, “अलाइनमेंट ओके आहे, मॅडम. मशीनवर केलंय.” मग रिपोर्ट द्या, म्हटलं. प्रिंटर बंद होता.

तीन दिवसांनी पुन्हा गेले. आता म्हणे टायरमुळे ओढत असेल. असं होऊ शकतं, पण ते तपासणं सोपं आहे: पुढची दोन्ही चाकं डावी-उजवी बदलायची. ओढ टायरची असेल तर बाजू बदलते. मी तिथेच उभं राहून चाकं बदलून घेतली. गाडी डावीकडेच जात राहिली. त्यांनी पुन्हा अलाइनमेंट केलं, स्टीअरिंग सरळ करून दिलं, आणि रिपोर्ट मागितल्यावर “सिस्टीममध्ये सेव्ह नाही झाला” असं सांगितलं.

तिसऱ्या खेपेला कागद मिळाला. त्यावर फक्त टो होता, पुढच्या दोन चाकांचा, दोन्ही आकडे हिरवे, म्हणजे मर्यादेत. कॅम्बर नाही, कॅस्टर नाही, मागची चाकं नाहीत, काम करण्याआधीचे आकडे नाहीत. माझा राग तिथे अनावर झाला. टो म्हणजे वरून पाहिल्यावर चाकांची तोंडं आत की बाहेर, ते टाय रॉड (स्टीअरिंगला चाकाशी जोडणारा दांडा) फिरवून कोणत्याही गाडीत जुळवता येतं. कॅम्बर म्हणजे समोरून पाहिल्यावर चाक आत की बाहेर कललेलं आहे, आणि कॅस्टर म्हणजे बाजूने पाहिल्यावर चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा कल. बऱ्याच छोट्या गाड्यांत कॅम्बर-कॅस्टरला ॲडजस्टमेंटच नसते. ते बिघडले असतील तर काहीतरी वाकलंय किंवा जागेवरून सरकलंय, एवढाच त्याचा अर्थ. धडकेनंतर हेच दोन आकडे महत्त्वाचे, आणि नेमके तेच कागदावर नव्हते.

त्या संध्याकाळी मी घरून मेजरिंग टेप घेतली. स्टीअरिंग सरळ ठेवून पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजलं. डावी बाजू अकरा मिलिमीटर कमी भरली. चूक झाली असेल म्हणून तीनदा मोजलं. (काही मॉडेल्समध्ये दोन्ही बाजूंचं अंतर मुळातच थोडं वेगळं असतं, म्हणून हा एकटाच पुरावा धरू नये.) मग टायर आणि फेंडरच्या मागच्या कडेमधल्या जागेत बोटं घालून पाहिली. उजवीकडे तीन बोटं आरामात, डावीकडे तिसरं अडकलं. माझं डावं चाक मागे सरकलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुकान बदललं. या कामाशी काही संबंध नसलेल्या अलाइनमेंटवाल्याकडून चारही चाकांचा पूर्ण रिपोर्ट काढून घेतला, काहीही ॲडजस्ट न करता. उजवा कॅम्बर उणे ०.४ अंश. डावा अधिक ०.९, म्हणजे चाक वरून बाहेर कललेलं, आणि तो मर्यादेबाहेर म्हणून लाल रंगात. डावा कॅस्टरही उजव्यापेक्षा एक अंशाहून जास्त कमी. त्या माणसाने कागदावर बोट ठेवून एका वाक्यात सांगितलं, “ताई, चाक खालून आत आणि मागे गेलंय, लोअर आर्म बघायला सांगा.” लोअर आर्म म्हणजे चाकाला खालून गाडीशी जोडणारा दांडा. कॅम्बर जास्त अधिककडे आणि कॅस्टर कमी ज्या बाजूला, गाडी त्या बाजूला ओढते. एकोणीस दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी मला कारण सांगत होतं, आणि तेवढ्यानेच मला हलकं वाटलं.

कागद घेऊन गॅरेजमध्ये गेले, या वेळी थेट वर्क्स मॅनेजरकडे. आर्म काढला. नव्या आर्मशेजारी फरशीवर ठेवला तेव्हा नवा सपाट बसला आणि जुन्याचं एक टोक बोटभर वर राहिलं. गाडीखाली वाकून मी तो आर्म आधी दोनदा पाहिला होता, तेव्हा काहीच कळलं नव्हतं, कारण त्याचा आकारच वळणदार असतो. वाक ओळखायला शेजारी नवा पार्ट लागतो, नाहीतर मोजमाप. ज्या चौकटीवर आर्म बसतो ती सबफ्रेमही काही मिलिमीटर सरकली होती. ती जागेवर घेतली.

मग हे आधी का झालं नाही? पहिल्या एस्टिमेटमध्ये आर्म नव्हता. गाडी उघडल्यावर जास्तीचं नुकसान निघालं की पुन्हा एस्टिमेट, पुन्हा पाहणी, पुन्हा मंजुरी, आणि तेवढे दिवस गाडी उचलायची लिफ्ट अडकून राहते. म्हणून टो फिरवून गाडी सरळ चालतेय असं दाखवणं सोपं पडलं. मी ती तशीच घेतली असती तर डाव्या टायरची बाहेरची कड झिजली असती आणि सहा महिन्यांनी तो ‘तुमच्या वापराचा’ दोष ठरला असता. हे मला अजिबात मान्य नाही.

माझ्या बाजूने एकच गोष्ट भक्कम होती. पहिल्या फेरीनंतर मी गाडी ताब्यात घेतली, तेव्हा त्या कागदावर सहीच्या वर हाताने लिहिलं होतं: ‘गाडी डावीकडे ओढते, अलाइनमेंटचा रिपोर्ट मिळालेला नाही’, खाली तारीख, आणि लगेच मोबाइलवर फोटो. मॅनेजरने तो फोटो पाहिल्यावर वाद थांबला. नुसती सही असती तर मला पुढे बोलायला जागा उरली नसती.

आठवेल तसं बाकीचं सांगते. गाडी उघडलेली असताना एकदा जाऊन फोटो काढा, बंपर चढल्यावर आतला धक्का झेलणारा क्रॅश बीम नवा आहे की ठोकून सरळ केलेला ते दिसत नाही. बदललेले जुने पार्ट्स दाखवायला सांगा. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझायला हवा; तो लागलाच नाही तर जास्त काळजी करा, कारण दिवाच बंद करून ठेवलेला असू शकतो. एअरबॅग उघडली असेल तर सीटबेल्टचे प्रीटेन्शनरही (धडकेत पट्टा घट्ट ओढणारे) तपासून घ्या, ते एकदाच वापरता येतात. बंपरमध्ये रडार किंवा काचेमागे कॅमेरा असेल तर कॅलिब्रेशनचा, म्हणजे ते पुन्हा अचूक जुळवल्याचा, कागद वेगळा मागा.

लांबी (पत्र्याचे खड्डे भरायची पुट्टी) किती भरलीय हे कागदात गुंडाळलेल्या लोहचुंबकाने अंदाजे कळतं, जाड थरावर तो नीट धरत नाही. रंगाची जाडी मोजायचं यंत्र मिळालं तर उत्तम. कंपनीचा रंग साधारण १०० ते १८० मायक्रॉन असतो, पुन्हा रंगवलेला २०० ते ३००, आणि आकडा ५०० च्या वर गेला तर खाली लांबी आहे समजा. प्लॅस्टिकच्या बंपरवर यातलं काहीच चालत नाही.

आणि पाइपने पाणी मारून बघायचं मी विसरले होते. आर्म बदलल्यावर आठवलं, दहा मिनिटं दाराच्या रबरावर आणि काचेच्या कडेने पाणी सोडलं, पुढचं मॅट उचलून हात फिरवला. कोरडं होतं.

हजार किलोमीटरनंतर त्याच दुसऱ्या अलाइनमेंटवाल्याकडे पुन्हा रिपोर्ट काढला. डावा कॅम्बर उणे ०.५, उजवा उणे ०.४. टेपने मोजलेलं अंतर दोन्ही बाजूंना सारखं. दोन्ही रिपोर्ट, पहिला लाल आणि दुसरा हिरवा, गाडीतच ठेवलेत.