एकच घर चालणारे प्यादे

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावी कापसाची वेचणी आटोपली की आबाजी ओसरीवर बुद्धिबळाचा कापडी पट अंथरत. त्यांच्या खेळात प्यादे पहिल्या चालीतही एकच घर पुढे जाई. शाळेत दोन घरांची चाल शिकल्यावर मला त्यांचा खेळ जुनाट वाटू लागला. ते मत किती उथळ होते, हे महेशचंद्र बॅनर्जी यांचे डाव मांडून पाहताना उमगले.

महेशचंद्र हे बंगालमधील खेड्यातले ब्राह्मण. कलकत्त्यात वकिली करणारे नामांकित स्कॉटिश खेळाडू जॉन कॉक्रेन यांच्याशी ते १८४८ पासून पुढे अनेक वर्षे खेळले. कॉक्रेन यांनी हे डाव टिपून विलायतेला पाठवले, म्हणूनच ते आज आपल्या हाती आहेत. त्यांत जास्त डाव कॉक्रेन यांनीच जिंकले. पण माझ्या लेखी महेशचंद्रांचे मोठेपण जयपराजयाच्या हिशेबात मावत नाही.

त्या काळच्या युरोपात राजापुढचे प्यादे दोन घरे रेटून पटाचा मध्य बळकावणे हीच सुरुवातीची रीत होती. महेशचंद्र अनेकदा मध्य प्रतिस्पर्ध्याला घेऊ देत, घोड्यापुढचे प्यादे एक घर सरकवत, त्या मोकळ्या झालेल्या घरात उंट बसवत आणि तिथून लांबच्या कर्णावर मारा धरून ठेवत. एकेका घराने चालणाऱ्या देशी प्याद्यांची सवय या मांडणीत मला स्पष्ट दिसते. पुढे विसाव्या शतकात हाच विचार युरोपात नवा म्हणून गाजला. ‘किंग्ज इंडियन’, ‘निम्झो-इंडियन’ या डावाच्या सुरुवातींच्या नावांतला ‘इंडियन’ महेशचंद्रांच्या डावांपर्यंत मागे नेला जातो, मात्र देशाचे नाव राहिले आणि माणसाचे गळाले, याचे मला मनापासून वाईट वाटते.

१८५५ मधल्या एका डावात काळ्या मोहऱ्यांनी ते ज्या मार्गाने गेले, तो मार्ग आज ‘ग्रुनफेल्ड बचाव’ म्हणून ओळखला जातो. ऑस्ट्रियन खेळाडू अर्न्स्ट ग्रुनफेल्ड यांनी तो खेळात रूढ केला १९२२ मध्ये, म्हणजे तब्बल ६७ वर्षांनी. तो डाव महेशचंद्र हरले. अठराव्या चालीत कॉक्रेन यांचा घोडा राजाच्या कोटात घुसला, महेशचंद्रांनी आपला घोडा वजिरावर नेला, आणि तिथून तीन चालींत मात होती: घोडा व वजीर यांचा दुहेरी शह, मग वजिराचा बळी, आणि स्वतःच्याच हत्ती, उंट व प्याद्याने कोंडलेल्या राजाला घोड्याची मात.

मोबाईलवर बुद्धिबळ शिकणाऱ्या माझ्या पुतण्याला ‘ग्रुनफेल्ड’ पाठ आहे. गेल्या रविवारी आबाजींच्या त्याच पटावर मी त्याला हा डाव मांडून दाखवला. मात पाहून तो थक्क झाला खरा, पण लगेच त्याने मोहरे सतराव्या चालीपर्यंत मागे नेले आणि विचारले, “काका, इथे काळ्याने काय खेळायला पाहिजे होते?” पट अजून ओसरीवर तसाच मांडलेला आहे.