झिंगे काठावर का आले होते?

पहिला पाऊस पडून एकच रात्र झाली होती, आणि काटोल रोडकडच्या एका गावातून फोन आला. "मॅडम, नाल्यातले मासे मेले सारे. कोणं तरी औषध टाकलं. पोलिसात द्याचं म्हणून राह्यले लोकं." मी नागपूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, ओढ्यांतल्या माशांवर काम करते, म्हणून असे फोन माझ्याकडे येतात. दुसऱ्या दिवशी फटफटायच्या आत निघाले. ऊन चढलं की पाण्यातलं शेवाळ ऑक्सिजन सोडू लागतं आणि रात्री काय झालं ते ऑक्सिजन मोजायच्या मीटरवर दिसत नाही.

डोहावर माणसं जमलेलीच होती. संशय शेजारच्या संत्र्याच्या बागेवर; मालकाने आदल्याच दिवशी फवारणी केली होती. तोही तिथेच उभा, तोंड उतरलेलं. पाण्यावर बोटाएवढ्या माशांचा थर, बहुतेकांचे आ वासलेले आणि कल्ले फाकलेले. पण ओल्या काठावर, गवताच्या बुडाशी, झिंगे चढून बसले होते. जिवंत. आणि डोहाच्या मधोमध एक मरळ दर थोड्या वेळाने वर येऊन हवा गिळून जात होती.

जाळं खांद्यावर टाकलेले एक ढिवर काका माझ्याआधीच म्हणाले, "औषध असतं तं झिंगा पयला मेला असता, बाई."

अगदी खरं. कीटकनाशक कीटकांसाठीच बनवलेलं असतं, आणि झिंगा हा कीटकांचा लांबचा नातलग. विषबाधेत तो माशांआधी जातो. इथे तो श्वास घ्यायला पाण्याबाहेर आला होता. मरळीला थेट हवेतून श्वास घेता येतो म्हणून ती तगली. मीटर पाण्यात सोडलं: लिटरमागे दोन मिलिग्रॅमच्याही खाली. मासे गुदमरले होते.

आता प्रश्न असा की ऑक्सिजन गेला कुठे? त्याचं उत्तर डोहात सापडत नाही, वर चालत जावं लागतं. नमुन्याच्या बाटल्या भरल्या आणि काकांना सोबत घेतलं. थोडं वर गेल्यावर नाल्याला दोन फाटे फुटतात.

डावा फाटा बागा आणि कपाशीच्या वावरांतून येतो. जेसीबीने खोल केलेला, सरळ, दोन्ही काठ उघडे, सावलीला झाड नाही. आधीच गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो: २० अंशाला लिटरमागे ९ मिलिग्रॅमच्या आसपास, ३० अंशाला साडेसात. त्यात वावरातली माती, उन्हाळाभराचं शेण, बांधावर लोटलेली सडकी संत्री, सगळं पहिल्या पावसाने एकदम खाली आणलं. ते कुजवणारे जिवाणू रात्रीतून ऑक्सिजन खाऊन टाकतात. पाणी दगडांवरून खळखळत गेलं तर थोडा परत मिळतो. सपाट केलेल्या तळावर तीही सोय उरलेली नाही. एक दगड उचलला. खाली नुसता काळा चिखल आणि त्यात वळवळणाऱ्या लाल अळ्या. त्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन असतं, म्हणून अशा जागी त्याच राहतात.

उजवा फाटा झुडपी जंगलातून येतो. आमच्या विदर्भात महसुली कागदावर हा वेगळाच प्रकार आहे. कित्येक वर्षं लोकांच्या लेखी ती नुसती पडीक जमीन होती. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वनच असल्याचं सांगितलं. पळस, बोरी, काठाला करंज आणि जांभूळ. पाऊस तोच, रात्रही तीच, पण मीटरने सहाच्या जवळ आकडा दाखवला. पाणी गढूळ होतं, पण वास नव्हता. इथला दगड उचलला तर त्याला पोटाकडून चिकटलेला एक मासा माझ्या तळहातावर येऊन बसला: गारा मुल्या. खालच्या ओठामागे चकतीसारखं चोषक असतं, त्याने धरून तो दगडावरचं शेवाळ खरवडून खातो. दगडावर गाळ बसला की त्याचं जेवण बंद. मुंग्या-किडे खाणारे मासे करंजाखालीच घुटमळत होते, कारण त्यांचं अन्न झाडावरून पडतं. मासे मोजायला गेले की मला निम्मा वेळ झाडं आणि बांध मोजत बसावं लागतं ते यामुळेच.

गावात परत येऊन हे सांगितलं तर अर्ध्या लोकांना पटलं नाही. कोणी गुन्हेगारच नाही म्हणजे काय, हा त्यांचा राग मला कळतो. पाण्याचे नमुने तरीही प्रयोगशाळेत पाठवले. अहवालात फवारणीचं औषध निघालं नाही. बागवाल्याने तेवढ्यावर सुटकेचा श्वास सोडला, पण सडकी संत्री त्याच्याच बांधावरची होती हेही मी सर्वांसमोर बोलले. खड्डा करून गाडतो म्हणाला.

मेलेले मासे परत येतील का, असं सरपंचबाईंनी विचारलं. उजव्या फाट्यातून खालच्या डोहात येतील, पुराबरोबर. डाव्या फाट्यात चढणार नाहीत, कारण तोंडाशीच कमरेएवढा सिमेंटचा बंधारा आहे आणि हे मासे तेवढी उडी मारत नाहीत. काका म्हणाले, बंधाऱ्याच्या एका अंगाला दगड उतरते रचून दिले तर चढतील. मी ते लेखी दिलं. सोबत दुसरी मागणी केली: पुढच्या उन्हाळ्यात उजव्या फाट्याचंही खोलीकरण ठरलेलं आहे, ते करू नका. दगड रचायला ग्रामसभेने होकार दिला. खोलीकरणाचा विषय मात्र दिवाळीनंतरच्या सभेवर ढकलला आहे.