‘हो जी’ म्हणजे ऐकलं

नोव्हेंबर 2024 चा पहिला आठवडा होता. सकाळी साडेनऊला आमच्या हमीभाव खरेदी केंद्राच्या फाटकात एक ‘छोटा हत्ती’ टेम्पो येऊन उभा राहिला. आत सोयाबीनचे बावीस कट्टे. काका अठरा किलोमीटरवरून आले होते, बाराशे रुपये गाडीभाडं ठरवून. ग्रेडरनं कट्ट्यातून नमुना काढायची परखी मारली, दाणे ओलावा मोजायच्या मीटरमध्ये टाकले आणि आकडा मला दाखवला. 14.6 टक्के. मर्यादा 12 ची.

मी काकांजवळ गेले. "काका, परवा फोनवर सांगितलं होतं ना मी, मॉइश्चर बाराच्या आत पाहिजे म्हणून? तुम्ही हो म्हणालात."

ते रागावले नाहीत. दुपट्ट्यानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "तुमी सांगतलं, म्या आयकलं. समजलं का, हे कुटी इचारलं तुमी?"

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात एका शेतकरी उत्पादक कंपनीचं काम पाहते. कागदावर मुख्य कार्यकारी अधिकारी, गावात ‘मॅनेजर मॅडम’. सहाशेवर सभासद, दहा संचालक आणि तेही सगळे शेतकरी, ऑफिसात आम्ही चार जणं, हंगामात हमाल वेगळे. माझं निम्म्याहून जास्त काम बोलण्याचंच आहे. आणि त्या सकाळपर्यंत मला वाटायचं की ते मला येतं.

एमबीएला आम्हाला ‘बिझनेस कम्युनिकेशन’ होतं. पहिल्याच तासाला सरांनी फळ्यावर आकृती काढली होती. एका टोकाला सांगणारा, दुसऱ्या टोकाला ऐकणारा, मधे वाहिनी आणि त्या वाहिनीत शिरणारा गोंगाट. या आकृतीचं मूळ अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅनन यांच्या 1948 च्या शोधनिबंधात आहे, हे मी पुष्कळ नंतर वाचलं. शॅनन बेल या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत होते. तारेतून पाठवलेला संदेश पलीकडे कमीत कमी चुकांनिशी कसा उमटवायचा, हा त्यांच्यापुढचा प्रश्न. संदेशाच्या अर्थाशी या प्रश्नाला कर्तव्य नाही, असं त्यांनी निबंधाच्या सुरुवातीलाच सांगून टाकलं आहे. त्यांच्या कामासाठी ते योग्यच होतं. पण तीच आकृती माणसांना सांभाळायचं शिकवताना वापरली, की अर्थ बाहेरच राहतो. माझ्या फोनवर गोंगाट अजिबात नव्हता. ‘बारा टक्के’ हे शब्द काकांच्या कानापर्यंत जसेच्या तसे गेले होते. त्यांना हवं होतं ते वेगळंच. माल अजून किती उन्हं द्यायचा, आणि घरी मीटर नसताना तो झाला हे ओळखायचं कसं? हे मी सांगितलंच नव्हतं.

काकांनी माल परत नेला नाही. पुन्हा वाळवायचा, पुन्हा गाडी करायची, म्हणजे आणखी बाराशे. तिथूनच ते बाजार समितीत गेले आणि मिळेल त्या भावात विकून आले. हमीभाव तेव्हा क्विंटलला 4892 रुपये होता आणि बाजार त्याच्या बराच खाली.

त्यानंतर मी इथला ‘हो’ नीट ऐकायला लागले. मी अमरावती शहरात वाढले, त्यामुळे ही बोली मला येते असं मी धरून चालले होते. शब्द येत होते, त्यांचं वजन येत नव्हतं. ‘हो जी’ म्हणजे तुमचं बोलणं कानावर येतंय, बोला पुढं. त्यात मान आहे, होकार असेलच असं नाही. ‘पाहू ना जी’ म्हणजे बहुतेक वेळा नाही, पण ते तोंडावर म्हणून तुम्हाला दुखवायचं नाही. ‘तुमी म्हनसान तसं’ हे सगळ्यात जपून ऐकायचं. समोरच्यानं आपलं मत गिळलेलं असतं आणि ते संध्याकाळी पारावर निघतं. संचालकांच्या बैठकीत हे वाक्य आलं की आता मी विषय पुढे नेत नाही. थांबते आणि म्हणते, "भाऊ, तुमच्या मनातलं येऊ द्या आधी." ‘घरी इचारतो’ याला मी कितीतरी दिवस टाळाटाळ समजत होते. ते खरोखर घरी विचारणार असतात. आणि पक्का होकार ‘हो’मधून कळतच नाही, तो प्रश्नातून कळतो. "मंग बारदाना तुमी देसान का आमी आनाचा?" असा तपशिलाचा प्रश्न आला की मी समजते, गोष्ट आत गेली.

हे कुठल्या पुस्तकात सापडणार नाही, कारण दुसऱ्या मुलखातला ‘हो’ वेगळा असेल. पण माणसं सांभाळण्याचं काम करणाऱ्या प्रत्येकानं आपल्या मुलखातला ‘हो’ शिकून घ्यावा, असं मला मनापासून वाटतं.

त्याच नोव्हेंबरात केंद्र सरकारनं सोयाबीनच्या ओलाव्याची मर्यादा त्या हंगामापुरती 15 टक्क्यांपर्यंत शिथिल केली. निरोप आला तेव्हा ऑफिसात आनंद झाला. मला मात्र आधी तो आकडा आठवला, 14.6. काकांचा माल आता चालला असता.

कुणीतरी म्हणालं, ग्रुपवर टाकून द्या, सगळ्यांना कळेल. मी ग्रुपवर टाकलंच, पण दुपारी गाडी काढून काकांच्या गावी गेले. ही बातमी त्यांना दुसऱ्याच्या तोंडून कळू नये, एवढंच मनात होतं. ती आधीच कळली होती. काका ओसरीवर बसले होते. मी म्हटलं, "काका, नियम बदलला. तुमचा माल आज बसला असता. आणि त्या दिवशी फोनवर मी अर्धवट सांगितलं, ती माझी चूक." यापुढे बोलायला माझ्याजवळ काही नव्हतं. भरपाई देणं माझ्या हातात नव्हतं, म्हणून तसं काही सूचितही केलं नाही.

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग आत वळून हाक मारली, "अवो, आयकलं का, मॅडम आल्या." काकू चहा घेऊन आल्या. काका म्हणाले, "मले काय सांगता. माल वाळवते हे. हिले सांगा."

इतकी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. सातबारा काकांच्या नावे, बँक खातं काकांचं, म्हणून आमच्याकडे नंबर काकांचा. माझे सगळे फोन, सगळे निरोप त्यांना. आणि ताडपत्री अंथरणं, दुपारी पायानं सोयाबीन फिरवणं, दंव पडायच्या आत गोळा करणं, हे सगळं काकूंचं. ज्यांना सांगायला हवं होतं त्यांच्याशी मी एक शब्दही बोलले नव्हते. काकूंनी विचारलं, "मॅडम, ते बारा टक्के म्हंजे पायलीत किती?" उत्तर मला पटकन देता आलं नाही.

त्या रात्री वहीत आकडे मांडले. एक क्विंटल माल 15 टक्के ओला असेल तर त्यात 15 लिटर पाणी आहे. म्हणजे भरलेला एक गुंड, पाण्याचा हंडा. 12 टक्क्यांना 12 लिटर. शंभर किलोचा माल 15 वरून 12 वर आणला की वजन भरतं सुमारे 96 किलो 600 ग्रॅम, घट 3 किलो 400 ग्रॅम. त्या वर्षीच्या हमीभावानं ते 167 रुपये झाले. शेतकऱ्याला घट दिसते, कारण ती त्याच्या काट्यावर दिसते. आम्ही मात्र टक्केवारी सांगत बसतो.

पुढच्या हंगामाआधी, 2025 च्या सप्टेंबरात, मी हेच गावोगाव घेऊन निघाले. पहिली बैठक एका तांड्यावर होती. आमच्या सभासदांत बंजारा कुटुंबं पुष्कळ आहेत. पुरुष माझ्याशी मराठीत बोलतात, पण घरात आणि बायांमध्ये गोरमाटी ही बंजारा बोली चालते, आणि वाळवायचं काम तर बायांचंच. म्हणून सांगावा पाठवला, की बाया आल्याशिवाय बैठक सुरू होणार नाही. संध्याकाळी सातला त्या आल्या. दोन कट्टे, म्हणजे एक क्विंटल, मधे ठेवले, बाजूला पाण्यानं भरलेला गुंड. मी विचारलं, "या दोन कट्ट्यांत पाणी किती असेल?" सगळ्या हसल्या. धान्यात कुठं पाणी असतं? मग गुंडाकडे बोट दाखवलं आणि त्यातून जवळजवळ साडेतीन लिटर मोजून बाजूच्या बादलीत काढलं. एवढं उन्हाला द्यायचं आहे, बाकीचं राहिलं तरी चालतं.

बारावीतली एक मुलगी माझं बोलणं गोरमाटीत सांगत होती. मधेच एक म्हातारी याडी (गोरमाटीत आई) तिच्याशी काहीतरी जोरात बोलली. मुलीनं सांगितलं, "आजी म्हणते, घट आमची जाईल तिचे पैसे कोण देईल?" मी गेल्या हंगामाच्या भावाचा 167 चा हिशेब सांगितला, आणि बाजारभाव नि हमीभाव यांतला फरक त्यापेक्षा किती मोठा पडतो, तोही. घट भरून मिळणार नाही, हेही स्पष्ट सांगितलं. याडीनं मान हलवली. मग प्रश्न सुरू झाले. रस्त्यावर वाळवलं तर चालेल का? (माती, खडे येतात, चाळणीला माल अडतो.) ढग असले तर? कट्टा वरून कोरडा लागतो, आतून का नाही? तासभर प्रश्नच चालले होते. मी इतकं कमी बोलले आणि इतकं पोहोचलं, असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

प्रश्न विचारून सांगण्याची रीत मी काही शोधून काढलेली नाही. आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा आयुष्यभर तेच करत राहिले. 1956 साली, त्यांच्या अखेरच्या दिवसांत, मुंबईत झालेल्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण आहे. मी ते आजोबांसोबत पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा गोपाला गोपालाचा गजर तेवढा लक्षात राहिला. आता ऐकते तेव्हा वेगळंच ऐकू येतं. बाबा विचारतात, लोक एका आवाजात उत्तर देतात, आणि पुढचा प्रश्न त्या उत्तरावर उभा राहतो. वऱ्हाडी बोलीत, छोट्या छोट्या वाक्यांत. शाळेत न गेलेल्या माणसाचं हे बोलणं व्यवस्थापनाच्या वर्गात ऐकवलं पाहिजे, आणि नंतर पोरांना विचारलं पाहिजे की बाबांनी स्वतः किती गोष्टी सांगितल्या आणि किती लोकांकडून वदवून घेतल्या.

एका बाबतीत मात्र प्रश्न कामाला येत नाहीत, आणि ती पैशाची बाब. माल दिला, चुकारा आला नाही, की फोन सुरू होतात. पहिल्या वर्षी मी फोन उचलणं टाळायची. सांगायला काही नाही तर काय बोलायचं, असं वाटायचं. त्या गप्प राहण्यातून तालुकाभर झालं की कंपनी बुडाली. आता चुकारे अडकले की रोज संध्याकाळी सातला माझ्या आवाजात निरोप जातो. "आज पैसे आले नाहीत. सव्वीस जणांचे बाकी आहेत. उद्या याच वेळी पुन्हा सांगते." बातमी नसली तरी निरोप जातो. उचलायचे फोन निम्म्यावर आले, आणि जे येतात त्यांतला आवाज खालचा असतो.

ऑफिसात दोन बदल केले. नोंदणीच्या वहीत आता दोन रकाने आहेत. खातेदाराचा नंबर, आणि माल वाळवणाऱ्याचा नंबर. आणि हंगामात दर मंगळवारी आमचा मुलगा मीटर घेऊन तीन गावं फिरतो, म्हणजे गाडी करायच्या आधीच आकडा कळतो.

त्या हंगामात पावसानं फार नुकसान केलं. ज्यांचं हाती लागलं, त्यांचंही ओलं. ऑक्टोबरच्या शेवटी एका दुपारी काकूंचा फोन आला, त्यांच्या स्वतःच्या नंबरावरून.

"मॅडम, तीन उन्हं झाले. दाताखाली कटकन मोडते. पन खालच्या कट्ट्यात हात घातला त थंड लागते. आनू का थांबू?"

"थांबा, काकू."

"हो जी."

मी काही विचारणार, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "म्या काय कराचं ते सांगू का? उद्या खालचे कट्टे मोकळे करतो, दोन उन्हं देतो. मंगळवारी पोरगा येईन तवा मधातला माल दाखवतो. आकडा बसला तरच गाडीवाल्याले सांगतो. बरोबर हाये?"