व्हिडिओ फाटकापासून सुरू झाला होता

आमच्या ऑफिसच्या हिशेबात ही फाइल नोव्हेंबरातच बंद झाली. ग्राहकाचे पैसे आले, घरमालकाचे गेले, वर पाच तारेही मिळाले. सरांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. मला मात्र त्या रात्रीची मोजणी अजून ऐकू येते. फोनवर वाऱ्याचा घूं घूं आवाज, आणि एक बाई मोजतेय: अठ्ठावीस… थांब आई… एकोणतीस.

कोथरूडमधल्या एका छोट्या ट्रॅव्हल कंपनीत मी परदेशातल्या स्वतंत्र सहलींचं काम बघते. ग्रुप टूर, झेंडा घेतलेला मॅनेजर हे आमच्याकडे नाही. एका कुटुंबाची एक सहल, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. बाहेरच्यांना वाटतं आम्ही दिवसभर सुंदर फोटो बघत बसतो. खरं तर निम्मा वेळ व्हिसाच्या कागदांत जातो, आणि उरलेला लोकांनी जे सांगितलं नाही ते काढून घेण्यात.

जुलैमध्ये फ्रँकफर्टहून एका ताईंचा फोन आला. आईला आठ दिवस विश्रांती द्यायची आहे, बाकी काही नको. आजी 76 वर्षांच्या. नारायण पेठेत 31 वर्षं पोळी-भाजी केंद्र चालवलेलं, पहाटे चारला कणीक मळायला घेणाऱ्या. दोन वर्षांपूर्वी दोन्ही गुडघे बदललेले. "फ्रँकफर्टला आणली तर तिसऱ्या दिवशी शेजारच्या बाईंना पोळ्या शिकवत होती," ताई म्हणाल्या. "मला ती माझ्याही घरात नको आणि दादाच्याही. दोन्हीकडे ओटा आहे."

आराम हा शब्द आमच्या धंद्यात सगळेच वापरतात आणि दुसऱ्या दिवशी सतरा ठिकाणांची यादी पाठवतात. इथे पहिल्यांदा कुणीतरी खरंच आराम मागत होतं. मी जीव ओतून काम केलं, हे मला लिहून ठेवायचंय.

ग्रीसचं क्रीट बेट मी सुचवलं. फ्रँकफर्टहून तिथल्या हानिया शहराला थेट विमान मिळतं. पुण्याहून आजी, दादा आणि वहिनी मुंबईमार्गे, आखातात विमान बदलून अथेन्सला, तिथून 50 मिनिटांत हानिया. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात उन्हाचा त्रास नाही, जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून सुटणारा मेल्तेमी वारा निवलेला असतो, आणि समुद्र अजून 23-24 अंशांवर असतो. मे महिन्यात हवा तितकीच छान असते, पण पाण्यात पाय घातला की माणूस बाहेर येतो, कारण समुद्र उशिरा तापतो आणि उशिरा निवतो.

दादांची यादी आलीच. बालोस आणि एलाफोनिसीचे किनारे, क्नोसोसचे अवशेष, समारियाची घळ, आणि "एक दिवस सँटोरिनी", म्हणजे दुसरंच बेट. बेट म्हटलं की आपल्या लोकांच्या डोळ्यांसमोर एका दिवसात फेरी मारून यावी असं काहीतरी येतं. क्रीटची लांबी 260 किलोमीटर आहे, म्हणजे पुण्याहून निघून कोल्हापूर मागे टाकावं इतकी. हानियाहून एलाफोनिसी पाऊणशे किलोमीटरच, पण रस्ता डोंगरातला, दीड ते दोन तासांचा. समारिया म्हणजे 16 किलोमीटर खडकाळ उतरण. सँटोरिनीची बोट हेराक्लिओनहून, म्हणजे आधी गाडीने दोन-अडीच तास पूर्वेला आणि रात्री तेवढंच परत. मी दादांना प्रत्येक ठिकाणाचे तास मांडून पाठवले. त्यांनी सँटोरिनी आणि समारिया काढलं. बाकीचं "आई नसली तरी आम्ही जाऊ" म्हणून ठेवलं.

जागा ठरवली अपोकोरोनासमध्ये. हानिया आणि रेथिम्नोच्या मधला हा टापू, ऑलिव्हच्या बागा आणि छोटी गावं असलेला. समोर सूदाचा उपसागर, पाठीशी लेफ्का ओरी, म्हणजे पांढरे डोंगर. खाली अल्मिरिदाचा किनारा वाळूचा आणि उथळ, म्हाताऱ्या माणसाला गुडघाभर पाण्यात उभं राहता येईल असा. हानियाचं मोठं रुग्णालय गाडीने अर्ध्या तासावर. हे मी नेहमी आधी बघते, समुद्राचा देखावा नंतर.

मग घर. या कामाचा मला अभिमान आहे. ग्रीसमध्ये भाड्याच्या घराला सरकारी नोंदणी क्रमांक असतो आणि तो जाहिरातीत द्यावा लागतो. तो नसला तर घर कितीही देखणं असो, मी पुढे जात नाही. 80 चौरस मीटरपेक्षा मोठ्या स्वतंत्र घरावर एप्रिल ते ऑक्टोबर रात्रीला 15 युरो सरकारी शुल्क लागतं, 2025 पासून. आठ रात्रींचे 120 युरो दारात मागितले की लोकांना फसवल्यासारखं वाटतं, म्हणून मी ते पहिल्याच पानावर लिहिते. पोहण्याचा तलाव गरम करायचे पैसे बहुतेक ठिकाणी वेगळे. मैलापाण्याचे पाइप अरुंद, त्यामुळे कागद टोपलीतच टाकायचा. आणि आपल्याकडचा प्लास्टिकचा मग बॅगेत घालून न्यायचा, तिथे पाण्याचा फवारा नसतो. शेगडी गॅसची मिळेलच असं नाही, बहुधा काचेच्या पृष्ठभागाची विजेची असते, आणि ती इंडक्शनची निघाली तर घरचा ॲल्युमिनियमचा कुकर चालत नाही. या केसमध्ये मला तेच हवं होतं. कुकर नेऊ नका, असं मी वहिनींना दोनदा सांगितलं.

स्वयंपाक कोण करणार, हा प्रश्न व्हिला मागणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला मी विचारते. बहुतेकदा फोनवर शांतता पसरते. हॉटेलात बाई सुटते. व्हिलात तिला परदेशातलं स्वयंपाकघर मिळतं, एवढाच फरक. म्हणून गावातल्या ताव्हेर्नाशी, म्हणजे खानावळीशी, बोलून रोज संध्याकाळचं जेवण घरपोच ठरवलं. शाकाहारी माणसाचे ग्रीसमध्ये हाल होतात हा आपला गैरसमज आहे. त्यांच्याकडे मांस वर्ज्य असलेल्या उपासांचे दिवस इतके की तेलातल्या भाज्यांना लादेरा असं वेगळं नाव आहे. व्लिता म्हणजे चक्क माठ, ग्लिस्त्रिदा म्हणजे घोळ, भेंडीला बामिया म्हणतात.

पायऱ्यांचंही विचारलं होतं. गुडघ्यांमुळे माझ्या यादीत तो दुसराच प्रश्न होता. मालकाला लिहिलं: घरात पायऱ्या आहेत का? उत्तर आलं, एकही नाही, सगळं एकाच पातळीवर. मी तरीही व्हिडिओ कॉलवर घर दाखवायला सांगितलं. निळं लाकडी फाटक उघडून तो आत आला, फरसबंद अंगण, लिंबाची झाडं, उंबरठा नसलेलं दार, आजींची खोली, न्हाणीघरातली आधाराची दांडी. फॉर्मवर मी "पायऱ्या नाहीत" असं लिहिलं आणि खाली सही केली.

ते पोचले त्या दिवशी रात्री पावणेअकराला माझा फोन वाजला. तिथे सव्वाआठ, अंधार झालेला.

"मॅडम, गाडी रस्त्यावर उभी आहे आणि घर खाली आहे," दादा म्हणाले. "मध्ये पायऱ्या आहेत. दगडी. कठडा नाही."

"किती?"

"मोजतो." थोड्या वेळाने धापा टाकत: "एकेचाळीस."

डोंगरउतारावरचं घर. मालक खोटं बोलला नव्हता. घरात एकही पायरी नव्हती. व्हिडिओ फाटकापासून सुरू झाला होता आणि फाटक त्या 41 पायऱ्यांच्या तळाशी होतं.

मी लॅपटॉप उघडला. ऑक्टोबरमध्ये जागा मिळतात, एवढं एक चांगलं. अर्ध्या तासात अल्मिरिदात, खाली समुद्राच्या पातळीवर, तळमजल्याच्या दोन खोल्या मिळाल्या. मालकिणीने तासभर थांबायचं कबूल केलं. मी दादांना कळवलं, पैसे आमच्याकडून. मला वाटलं, निभावलं.

पण आजी गाडीतून उतरून पहिल्या पायरीवर बसल्या होत्या. बावीस तासांचा प्रवास झालेला. पुन्हा गाडीत बसायला त्यांनी ठाम नकार दिला. "घर दिसतंय की खाली," एवढंच मला फोनवर ऐकू आलं. मग त्या बसूनच उतरल्या. एका पायरीवर टेकायचं, पाय खाली सोडायचे, हातांवर भार घेऊन पुढच्या पायरीवर टेकायचं. पुढे जावई उलटे उतरत होते, मागे ताई, बाजूला वहिनी मोबाइलचा उजेड धरून. फोन कुणीच बंद केला नव्हता. पस्तीस मिनिटं मी कोथरूडमध्ये टेबलाशी बसून मोजणी ऐकली. बाविसाव्या पायरीला बराच वेळ काहीच आवाज आला नाही. माझ्या हातातलं पेन मी इतकं घट्ट धरलं होतं की सकाळी बोटं दुखत होती. एकेचाळीस झाल्यावर कुणी आनंदाने ओरडलं नाही. फाटकाची कडी वाजली आणि फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी मालकाशी बोलले. तो दुखावला होता. तू घरातलं विचारलंस, मी घरातलं सांगितलं. पण त्याने तिसऱ्या दिवशी सुतार बोलावून एका बाजूने लाकडी कठडा बसवला, दिवे लावले. आपल्याकडच्या किती मालकांनी हे केलं असतं, मला शंका आहे.

आजी आठ दिवसांत एकदाही वर आल्या नाहीत. समुद्र त्यांनी अंगणातूनच पाहिला. बाकीचे बालोसला गेले, हानियाच्या जुन्या व्हेनेशियन बंदरावर गेले, आजी लिंबाच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसल्या. सकाळी घर आवरायला येणारी बाई पाव घेऊन यायची. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. एके दिवशी त्या बाईंनी माठ निवडायला घेतला तर आजींनी जुडी ओढून घेतली, असं ताईंनी कळवलं. निवडू दिला का, विचारलं. "निवडू दिला," ताई म्हणाल्या, "पण उठून ओट्याकडे गेली नाही."

परत आल्यावर आजी स्वतः ऑफिसात आल्या, थाइमच्या मधाची बरणी घेऊन. माझा हात धरून म्हणाल्या, "अगं, आठ दिवस मला कुणी चल म्हणालं नाही. म्हणताच येत नव्हतं त्यांना. एवढी बसले नव्हते मी जन्मात." सर केबिनमधून ऐकत होते. आजी गेल्यावर म्हणाले, बघ, पायऱ्यांचं सोनं झालं, आता घे फाइल बंद करून.

सर वाईट नाहीत. पण ग्राहक खूश असला की चूक झालीच नाही असं मानायची त्यांची जुनी सवय आहे, आणि आमच्या धंद्यात ती सवय सगळ्यांना आहे. पाच तारे फक्त जे घडलं त्याचे मिळतात.

जे घडलं नाही ते ताईंनी मला डिसेंबरात सांगितलं, सहज, दुसऱ्याच कशाबद्दल बोलताना. पाचव्या रात्री आजींच्या छातीत जळजळलं, घाम आला. वीसेक मिनिटं. पित्त होतं, औषधाने उतरलं. पण त्या वीस मिनिटांत ताई आणि जावई अंगणात उभे राहून वर बघत होते. "112 ला फोन केला तर ते येतील," ताई म्हणाल्या, "पण स्ट्रेचर वर कसा नेतील, हेच आम्ही बोलत होतो." रुग्णालय अर्ध्या तासावर, हे मी किती अभिमानाने लिहिलं होतं. तो अर्धा तास रस्त्यापासून मोजलेला होता.

त्या दिवशी मी गूगल अर्थ उघडून रस्त्यावर बाण ठेवला: समुद्रसपाटीपासून 96 मीटर. घराच्या छपराशेजारी ठेवला: 88. आठ मीटर. दगडी पायरी वीतभर उंचीची धरली तर चाळीसच्या आसपास पायऱ्या. हे आकडे ढोबळ असतात, काही मीटरने चुकूही शकतात, पण एवढा फरक दिसला की मालकाला विचारायला हवं. जुलैत हे बघायला मला दोन मिनिटं लागली असती. आता प्रत्येक घराचं बघते, आणि मालकाला व्हिडिओ गाडीच्या दारापासून सुरू करायला सांगते, गाडी जिथे प्रत्यक्षात थांबते तिथून. परवा कॉर्फू बेटावरच्या एका मालकिणीला याचा राग आला. येऊ दे.

आणि आता दादांचा मेल आलाय. यंदा ऑक्टोबरात आईला तेच घर हवंय, दुसरं दाखवूही नका म्हणते. मी चार दिवस उत्तर दिलेलं नाही. मालकाला विचारलं, खालच्या अंगाने, ऑलिव्हच्या बागेतून गाडी आणता येईल का. तो म्हणतो ट्रॅक्टरची वाट आहे, खडी टाकून देतो. त्याने फोटो पाठवलाय. लाल माती, मध्ये गवताचा पट्टा, टोकाला निळं फाटक दिसतंय. उतार किती आहे ते फोटोत कळत नाही. मी त्याला उद्या सकाळी तिथे गाडी घालून, उतरून, फाटकापर्यंत चालत व्हिडिओ काढायला सांगितलंय.