तुम्ही विचारलंत म्हणून: जिल्ह्याची बदनामी का करता?

धुळ्यात, शहाद्यात, नात्यातल्या लग्नातसुद्धा विचारतात, ‘ताई, डाकीण-डाकीण करत फिरता, आपल्या नंदुरबारची बदनामी कशाला?’ बाईला डाकीण ठरवून छळण्याविरुद्ध मी बोलत फिरते, त्यावर हा प्रश्न. शिकलेली आदिवासी पोरं जास्त तिखट असतात. ‘तुम्ही बाहेरच्या. आमच्याकडचं तेवढंच दिसतं का?’ त्यांचा राग मला कळतो. त्यांच्यात मुलीकडच्यांना देज देतात, आमच्यात हुंडा उकळतात. पण त्यावरून आमच्या अख्ख्या समाजाला कुणी मागास म्हणत नाही.

मग त्या बाईचं मी काय करायला हवं होतं?

धडगाव तालुक्यातला एक पाडा. दिराच्या घरातलं लेकरू तापाने गेलं. भगताने, म्हणजे मांत्रिकाने, दाणे पाहून डाकीण म्हणून हिचं नाव घेतलं. ही विधवा, एकच मुलगी, तीही सासरी. घरावरची कौलं उतरवली, हापशावर येऊ देईनात. आम्ही तिला पोलीस ठाण्यात नेलं, तर हवालदार लिहून मोकळा: ‘बांधावरून आपसात वाद’. 2013चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, गुन्हा दखलपात्र आहे, अजामीनपात्र आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, हे मी घसा कोरडा पडेपर्यंत सांगत होते. ती बाकावर बसलीच नाही, भिंतीशी खाली बसली. मग उठली. कमरेची प्लास्टिकची पिशवी सोडून तिने घडीचा कागद टेबलावर ठेवला. वनहक्काचा पट्टा, म्हणजे कसत्या वनजमिनीवरच्या हक्काचा कागद. 2006च्या वनहक्क कायद्याने तो नवरा-बायको दोघांच्या नावे होतो. नवरा गेला, नाव हिचं उरलं. जमिनीचा वाद होताच. तो मिटवायला तिला डाकीण ठरवलं होतं.

गुन्हा नोंदला गेला, रात्री उशिरा. दोन दिवसांनी पेपरात पाड्याचं नाव छापून आलं आणि तिच्याशी बोलणाऱ्या दोन-चार बायकाही बोलेनाशा झाल्या. आज ती मुलीकडे राहते. जमीन दीर कसतो.

या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013ला खून झाला, काही दिवसांत त्याचा वटहुकूम निघाला. तेव्हा मला वाटायचं, आता कायदा घरोघर पोचवला की झालं. त्या वेळच्या मला मी आज विचारते, कायदा सांगून तिला काय मिळालं? ती तेव्हाची मी उलट विचारते, गप्प बसून काय मिळालं असतं? आमचं अजून पटलेलं नाही.

मोलगीच्या बाजारात आम्ही पथनाट्य करतो. त्यात आता कुठल्याही पाड्याचं नाव घेत नाही, तेवढं तुमचं ऐकलं. पट्ट्याचं मात्र मोठ्याने सांगतो. ते सोडा म्हणाल, तर सोडणार नाही.