गावभर ठाऊक असलेला गुप्तहेर

"बाई, आमची भूमितीतली एक रेघ वाकडी चालली नाही तुम्हाला, आणि घरी बसून हे बघता?" धुळ्याला माझ्याकडे चहाला येणारा प्रत्येक जुना विद्यार्थी कधी ना कधी हे विचारतोच. 'हे' म्हणजे गुप्तहेरांच्या सिनेमांची टर उडवणारे सिनेमे. टीव्हीवर रोवन ॲटकिन्सनचा जॉनी इंग्लिश शत्रूच्या इमारतीऐवजी शेजारच्या हॉस्पिटलवर पॅराशूटनं उतरलेला असतो, डॉक्टर-नर्सना बदमाश समजून पिस्तूल रोखत असतो, आणि मी गॅसवर शेवभाजी विसरून हसत असते. हा प्रसंग मी पाच वेळा तरी पाहिलाय. सून आतून ओरडते, "आई, रस्सा आटला!"

तर आज त्याचं उत्तर सांगूनच टाकते. या आवडीचं मूळ आमच्या आप्पांपाशी आहे.

माझे वडील पोलिसात होते, 'गोपनीय'ला. तालुक्याच्या ठाण्यात एखाद-दुसरा माणूस या कामावर असतो. अंगावर गणवेश नाही, साधे कपडे. मोर्चा, सभा, उपोषण, यात्रा, कुठे काय शिजतंय याचा कानोसा घ्यायचा आणि वर कळवायचं. म्हणजे रीतसर बघितलं तर आमचे आप्पा गुप्तहेरच. फक्त ते गुप्त नव्हते. मंगळवारच्या बाजारात निघाले की मेथीवालीपासून सायकलच्या दुकानदारापर्यंत सगळे अहिराणीत विचारायचे, "कथा जाई राहिनात आप्पा? आज कोनी सभा शे?" म्हणजे, कुठे निघालात, आज कोणाची सभा आहे? सभेत ते मागच्या बाजूला, झाडाच्या आडोशानं उभे राहायचे. मग मंचावरूनच आवाज यायचा, "आप्पा, उन्हात का? ए, खुर्ची द्या रे त्यांना." खुर्ची यायची, पाणी यायचं. सरकारवर कडक टीका करून झाली की वक्ते खाली उतरून विचारायचे, "सगळं मिळालं ना लिहून? नाहीतर हा कागद ठेवा, मुद्दे काढलेलेच आहेत." आप्पा कागद घ्यायचे नाहीत. नियमात बसत नव्हतं. पण चहा घ्यायचे.

घरी हे सगळं सांगताना त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता कापसाची गोष्ट. १९७२ पासून राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली होती. शेतकऱ्यानं कापूस सरकारी केंद्रावरच घालायचा, राज्याबाहेर न्यायचा नाही. पण आमच्या खानदेशाला एकीकडून मध्य प्रदेश लागून, दुसरीकडून गुजरात. पलीकडे भाव बरा आहे असं कळलं की रात्रीच्या बैलगाड्या सीमेकडे वळायच्या. एका पौषातल्या रात्री आप्पांना तशाच एका वाटेवर पाळत ठेवायला पाठवलं. आप्पांनी वेषांतर केलं. खांद्यावर घोंगडी, डोक्याला मुंडासं, हातात काठी, गुराखी. आईनं कपाळाला थोडी राखसुद्धा फासली. सगळं झकास जमलं होतं. फक्त पायात सरकारी तपकिरी बूट राहिले, आदल्याच दिवशी पॉलिश केलेले.

मध्यरात्री गाडी आली. खाली लटकवलेल्या कंदिलाचा उजेड आधी जमिनीवर पडतो, म्हणजे आधी बुटांवर. गाडीवाल्यानं कासरा ओढला. दोन क्षण कोणीच काही बोललं नाही. मग तो म्हणाला, "आप्पा, थंडी भलती शे. बठा गाडीवर." आणि आप्पा बसले! कापसावर, घोंगडी पांघरून. गाडी तिथल्या तिथे वळली आणि पहाटे आमच्या दारात उभी राहिली. केस झाली नाही, जप्ती झाली नाही, कापूसही राज्याबाहेर गेला नाही. कामगिरी फत्ते, असं आप्पांचं ठाम म्हणणं होतं. त्या गाडीवाल्यानं दुसऱ्या रात्री काय केलं ते आम्ही विचारलं नाही.

पुढे कधीतरी 'गेट स्मार्ट' नावाच्या जुन्या अमेरिकन मालिकेतले प्रसंग पाहिले. १९६५ ची मालिका, मेल ब्रूक्स आणि बक हेन्री यांनी रचलेली. तिचा नायक एजंट ८६. त्याचा फोन बुटात. फोन लावायचा तर भररस्त्यात बूट काढून कानाला लावायचा. मला त्या बुटाच्या जागी तपकिरी बूट दिसले आणि मी इतकी हसले की नवरा घाबरला. त्याच मालिकेत गुप्त बोलणं बाहेर फुटू नये म्हणून डोक्यावर प्लास्टिकचा पारदर्शक घुमट उतरतो. तो उतरला की आतल्या दोघांनाच एकमेकांचं ऐकू येत नाही. दोघं ओरडत सुटतात. आमच्याकडे घुमट नव्हता, ट्रंक कॉल होता. आप्पा जिल्ह्याला अत्यंत गोपनीय अहवाल कळवायचे तो इतक्या मोठ्यानं, की ठाण्यासमोरच्या हॉटेलातली माणसं भजी खाता खाता दुरुस्त्या सुचवायची. "दोनशे नाही आप्पा, तीनशे होते लोक!"

आप्पा स्वतः मात्र गुप्तहेरांच्या सिनेमांचे कडक परीक्षक. सारंगखेड्याच्या यात्रेत तंबू टॉकीजमध्ये त्यांनी आम्हाला मिथुनचा 'सुरक्षा' दाखवला. १९७९ चा सिनेमा, मिथुन गनमास्टर जी-९. आम्ही पोरं शिट्ट्या मारत होतो. आप्पा शेंगा सोलत म्हणाले, "असल्या कपड्यांत पाळत? याला पहिल्याच चौकात ओळखतील." आईनं त्यांच्या पायांकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

नंतर बॉण्ड बघितला तेव्हा त्यांचा आक्षेप आणखी नेमका होता. हा माणूस भेटेल त्याला आधी आपलं नाव सांगतो, तेही दोनदा! गंमत अशी की बॉण्डचा लेखक इयन फ्लेमिंगनं ते नाव घेतलं होतं एका पक्षितज्ज्ञाच्या पुस्तकावरून, साधं, मुद्दाम नीरस, कोणाच्या ध्यानात राहू नये असं. १९६२ साली पडद्यावर आल्यानंतर काही वर्षांतच ते जगातलं सगळ्यात गाजलेलं गुपित झालं. टर उडवणाऱ्यांना आणखी काय हवं? अर्धं काम मूळ सिनेमानंच करून ठेवलेलं असतं.

म्हणून सगळेच विडंबनपट मला चालतात असं समजू नका. १९६७ चा 'कसिनो रोयाल' घ्या. बॉण्डचीच कथा, नामांकित नटांची रांग, एक सोडून पाच दिग्दर्शक. आणि पाहवत नाही. पडद्यावरच्या प्रत्येकाला आपण किती मजा करतोय हे माहीत आहे, मग आमच्या वाट्याला मजा उरते कुठे? ऑस्टिन पॉवर्सचा १९९७ चा पहिला भाग मात्र मला आवडतो (पुढच्या भागांतला चावटपणा मी सुनेसमोर बघत नाही). त्यातला खलनायक तीस वर्षं बर्फात गोठून उठतो आणि जगाला धमकी देतो: दहा लाख डॉलर द्या! साथीदार चुळबुळ करतात, कारण त्याची स्वतःचीच कंपनी अब्जावधी कमावतेय. पण तो बिचारा किती गंभीर आहे बघा. आमची आत्या परवा नातवाच्या हातात अकरा रुपये ठेवून म्हणाली, "मोटारसायकलला लाव." तस्सा चेहरा. या सिनेमानं बॉण्डची इतकी पंचाईत केली, की पुढे बॉण्ड झालेल्या डॅनियल क्रेगनंच मुलाखतीत ते बोलून दाखवलं. बॉण्डपटांना जुने विनोद सोडून गंभीर व्हावं लागलं. विडंबनानं मूळ माणसाला कपडे बदलायला लावले! आप्पांना हे कळलं असतं तर बरं वाटलं असतं.

तर तो चेहरा. जॉनी इंग्लिश चुकीच्या शववाहिकेचा पाठलाग करत खऱ्याखुऱ्या अंत्यविधीत घुसतो, शोक करणाऱ्या माणसांना नाटकी म्हणून वाहवा देतो, आणि त्याच्या भुवईत जराही शंका नसते. ॲटकिन्सन तिथे किंचित जरी हसला असता तर सगळं कोसळलं असतं. शिवाय मी त्याच्या आजूबाजूच्यांकडेही बघते. त्याचा मदतनीस बॉफ त्याला सांभाळून घेतो, चारचौघांत उघडा पडू देत नाही. विद्यार्थी म्हणतात, बाई, हा वेडगळपणा आहे. असेल. पण मला तिथे कंदील दिसतो, बूट दिसतात, आणि बूट ओळखूनही "थंडी भलती शे" एवढंच म्हणणारा माणूस दिसतो.

आप्पा गेले तेव्हा दहाव्याला सगळ्या पक्षांचे लोक आले होते. ज्यांच्या सभा आप्पांनी झाडाआडून ऐकल्या ते एक म्हातारे पुढारी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "पोरी, आमच्याबद्दल वर काय लिहायचे गं ते?" मी म्हटलं, मला काय ठाऊक, गोपनीय होतं.

नंतर ट्रंकेत आप्पांची एक खिशातली डायरी सापडली. बहुतेक पानांवर घरखर्च. मध्येच एका पानावर त्यांच्या ठसठशीत अक्षरात: "वक्त्यांनी कापसाच्या भावावरून शासनावर टीका केली. जमाव अंदाजे २००. शांततेत पांगला. चहा मिळाला. साखर कमी." आणि त्याखाली, रेघ मारून: "बूट, नवीन नाडी."