सोडणांपासून डांबरापर्यंत : आमची वाटचाल

आमच्या घरी नारळाची सोडणं न्हाणीच्या चुलीत जायची. त्यातली बरी पाहून आई भिजत घालायची आणि सुंभ वळायची. पुढे कुडाळला छोटी शेड घेऊन मी काथ्याचाच धंदा धरला, पण दोऱ्या आणि पायपुसण्यांपुरता. रस्त्याशी आपला संबंध येईल असं मनातही नव्हतं.

तो आला एका कंत्राटदारामुळे. त्याला स्टोन मॅट्रिक्स अस्फाल्टच्या कामासाठी तंतू हवा होता. या प्रकारात मोठी खडी एकमेकीला टेकून बसते आणि मधल्या फटींत डांबर भरपूर असतं. जर्मनीत १९६०च्या दशकात निघालेली ही रीत जड वाहतुकीला फार टिकते. पण गरम माल डंपरमधून साइटवर पोचेपर्यंत डांबर खाली निथळतं. ते धरून ठेवायला टनामागे साधारण ३ किलो तंतू घालतात, सहसा लाकडाच्या लगद्याचा. मला वाटलं, आपला काथ्या काय वाईट? त्यात लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारा नैसर्गिक घटक, भरपूर, म्हणून तो सहजासहजी कुजतही नाही.

पहिला लॉट पावसाळ्यात कापून ठेवला आणि दिवाळीनंतर पाठवला. चुकलो ते तिथेच. काथ्याने ओल धरली होती, तंतूंत अडकलेला सोडणाचा भुसाही नीट झाडला नव्हता. मिक्सरमध्ये गुठळ्या झाल्या आणि ताज्या रस्त्यावर तळहाताएवढे चकचकीत काळे डाग उठले. एक डाग मी स्वतः खरवडून पाहिला. आत काथ्याचा गोळा निघाला. तेवढा पट्टा उखडावा लागला, खर्च आम्ही भरला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता भुसा तीनदा चाळून काढतो. तंतू ८ मिलिमीटरच्या आत कापतो आणि ओल ५ टक्क्यांखाली आल्याशिवाय पिशवी बंद करत नाही. दर लॉट वापरून केलेला गरम माल जाळीच्या टोपलीत तासभर ओव्हनमध्ये ठेवतो आणि खालच्या ताटलीत निथळलेलं डांबर तोलतो. ०.३ टक्क्यांच्या वर गेलं की लॉट बाद, मग ऑर्डर कितीही घाईची असो. एका टनाच्या घाण्याला ३ किलोची एक पिशवी, प्लॅस्टिकसकट. ते तिथेच वितळतं.

डिसेंबर २०२४ मध्ये नागपूर जिल्ह्यातल्या मानसरला, राष्ट्रीय महामार्ग ४४ वर, लिग्निनयुक्त डांबराच्या पट्ट्याचं उद्घाटन झालं. आमचा त्यात काही वाटा नव्हता, तरी मी शेडमध्ये पेढे वाटले.

आता वाडीतल्या बायका सोडणं पोत्यात भरून ठेवतात आणि दर सोमवारी आमचा टेम्पो ती उचलतो. आई मात्र अजून चार सोडणं न्हाणीसाठी बाजूला काढते.